सातवा अंगठा

वकिलाने वाटीतलं सूप अर्धवट ठेवून खिशातून घडीचा कागद काढला, तेव्हाच काकूंनी ओळखलं की आजचं रविवारचं जेवण काही सुखासुखी पार पडत नाही. हा पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून त्याचं असंच. मनात काही आलं की त्याची भूक मरायची, आणि ते सांगून बाकीच्यांची मारेपर्यंत त्याला चैन पडायची नाही. आता चाळिशी उलटली, नगरसभेवर निवडून आला, गाव त्याला वकीलसाहेब म्हणतं. काकूंना मात्र त्याच्या ओठावर अजून दुधाची मिशी दिसायची. पुतण्या असला तरी तो निम्मा त्यांच्याच मांडीवर वाढलेला.

रविवारी घरचा हातमोज्यांचा कारखाना बंद असायचा आणि सगळं घर कातरकामाच्या लांब टेबलावर जेवायचं. सगळे मावतील असं दुसरं टेबलच घरात नव्हतं. कातड्याचा वास सुपाच्या वाफेत मिसळायचा. भिंतीला लागून फळीवर पितळी हात ओळीने उभे असत. शिवून झालेला हातमोजा त्या तापवलेल्या हातावर चढवला की सुरकुत्या जातात. नव्या माणसाला वाटायचं, भिंतीतून कुणीतरी मीठ मागतंय.

"दुकानाचं नाव हवंय मला," वकील म्हणाला.

"कशाला?" थोरल्यांनी मान वर न करता विचारलं. कारखान्याचे मालक ते, आणि मुलाला सगळ्यांत कमी भीक घालणारेही तेच.

"घटनादुरुस्तीच्या पाठिंब्याची यादी छापणार आहेत. गावातली जुनी दुकानं, जुनी घराणी. आपलं नाव असलं तर वजन पडेल."

प्रत्येकाला आपापल्या बटाट्यात काहीतरी सापडलं.

दुरुस्ती काय आहे ते सांगायची गरज नव्हती, महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. राज्यघटनेत एक जुनी ओळ होती: प्रत्येक नागरिकाला मताचा अधिकार आहे. तिच्या जागी, फक्त नागरिकालाच मताचा अधिकार आहे, असं लिहायचं की नाही, यावर तीन आठवड्यांनी देश कौल देणार होता. जुन्या ओळीने नागरिकांना मत दिलं होतं, पण इतरांना मनाई केली नव्हती. तेवढ्या फटीतून गावाने बावीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं की जो दहा वर्षं गावात राहिला, त्याने नगरसभेसाठी खुशाल मत द्यावं. नवी ओळ आली की ते संपलं. आणि या टेबलावर असं मत एकाच माणसाचं होतं. काकू अडतीस वर्षांपूर्वी पुलापलीकडच्या देशातून लग्न होऊन आल्या, आणि त्यांचं पारपत्र अजून तिकडचंच होतं.

"दादा, आईसमोर बसून मागतोयस?" काकूंची लेक म्हणाली. ती गावात बस चालवायची आणि रस्त्यावरचा आवाज घरातही काढायची. "निदान तिचं जेवण तरी होऊ द्यायचंस."

"काकूच्या पाठीमागे मागितलं असतं तर बरं दिसलं असतं का?"

"ते खरं आहे," काकू म्हणाल्या. "समोर मागतोय ते बरंच करतोय. तू जेव."

जाऊबाईंनी लगेच मुलाची बाजू घेतली. "तो काही काकूच्या विरुद्ध बोलत नाहीये. शेजारच्या गावात काय झालं माहितीये ना? सहा महिने राहिलेल्याला मत देऊन बसले. उद्या कुणी निवडणुकीपुरती शंभर माणसं आणून ठेवील, मग बसा टाळ्या वाजवत."

"नियम असावा तर स्वच्छ असावा," आत्या म्हणाल्या. थोरल्यांची आणि काकूंच्या यजमानांची ही मधली बहीण. तेहतीस वर्षं शाळेत शिकवून आता माडीवर राहायच्या, आणि जेवताना अजून सगळ्यांच्या कोपरांवर लक्ष ठेवायच्या. "घटना म्हणजे काय पाहुण्याला लिहिलेलं पत्र आहे, जो तो आपल्याला हवा तो अर्थ काढील? कोण मतदार, कोण नाही, हे त्यात लिहिलेलंच असावं."

"वन्सं, मी निवडणुकीपुरती आलेय का हो?" काकूंनी हसत विचारलं.

आत्या जरा चपापल्या. "तुझं म्हणत नाही गं मी. तू नागरिक हो ना! अर्ज कर, कुणी अडवलंय?"

हे दर दोन-चार वर्षांनी निघायचं आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. तिकडचं पारपत्र सोडलं की पूल ओलांडायला दरवेळी परवाना लागणार, आणि परवान्याला सहा-सहा आठवडे. पलीकडे काकूंची थोरली बहीण पाच वर्षं अंथरुणाला खिळलेली. महिन्यातून एकदा काकू जाऊन तिचे केस धुवायच्या. त्या कामाला कुणाचा शिक्का मागायची त्यांची तयारी नव्हती.

"घ्या मत," थोरले म्हणाले. "माझं विचाराल तर दुकानाचं नाव दुकानावर शोभतं. याद्यांवर नाही. पण रीत ती रीत."

रीत सासऱ्यांची. घरातला किंवा कारखान्यातला कुठलाही मोठा निर्णय मताने व्हायचा, आणि मत अंगठ्याने द्यायचं. हातमोज्याचा अंगठा वेगळा कापून मागाहून जोडतात, आणि तेवढे अंगठे निघतील असे डाग पडलेले, चिरलेले तुकडे कारखान्यात ढिगाने पडलेले असायचे. मताच्या दिवशी प्रत्येकाला दोन अंगठे मिळायचे, तपकिरी म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. हवा तो पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि उरलेला कातरणीच्या पोत्यात. अंगठे कापायचं, वाटायचं, डबा फिरवायचा आणि शेवटी मोजायचं काम काकूंचं.

ते त्यांच्याकडे कसं आलं, ते त्यांना काल घडल्यासारखं आठवायचं. लग्नाला तीन महिने झाले होते. नवं शिलाई यंत्र घ्यायचं की जुनं दुरुस्त करायचं यावर मत होतं, आणि घरात दोन तट पडून भांडी आपटत होती. सासऱ्यांनी डबा उचलला आणि सगळ्यांसमोर या नव्या सुनेच्या हातात दिला. "तू बाहेरून आलीस, पोरी. तुला अजून कुणाची बाजू नाही. तू मोज." केवढा मान वाटला होता तेव्हा! त्या दिवसापासून या घरात काकूंच्या मोजणीवर कुणी शंका घेतली नव्हती.

"एक मिनिट," वकील म्हणाला. "आज नीट करू. आधी मतदारांची यादी, मग मतं. मी बाहेर तेच सांगत फिरतोय, तर घरापासून सुरुवात करतो."

"घ्या! जेवायच्या टेबलावर कचेरी," धाकटे पुटपुटले. काकूंचे यजमान. ऐकू कमी यायचं, पण सोयीने.

वकिलाने कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. बाबा, आई, आत्या, काका, काकू, बहीण, मी. सात. खाली रेघ ओढली. काकूंनी तो कागद उलटा बसूनही वाचला, आणि पाचव्या ओळीवर त्यांची नजर क्षणभर अडखळली. चुकून लिहिलं असेल, असं म्हणून त्यांनी अंगठे वाटले, डबा फिरवला, झाकण काढून टेबलावर पालथा केला.

"तीन तपकिरी, तीन काळे."

"बरोबरी," थोरले खूश होऊन म्हणाले. बरोबरी झाली की थोरल्यांचा शब्द, अशीही रीत होती. "मग माझा शब्द असा की..."

"थांबा बाबा. सहाच झाले. सात हवेत."

मग जी शोधाशोध सुरू झाली ती बघण्यासारखी होती. सगळ्यांचा संशय एकमताने धाकट्यांवर गेला. त्यांचे खिसे रिकामे करण्यात आले. चार स्क्रू, यंत्राची मोडकी सुई, परवापासून हरवलेला चष्मा आणि अर्धं बिस्किट निघालं. अंगठा निघाला नाही. "टाकला मी, टाकला!" ते ओरडत होते. आत्या टेबलाखाली वाकून बघून आल्या. लेकीने डब्याला ठोसे मारले.

"काकू, तू टाकलास ना?" वकिलाने सहज विचारलं, मीठ घातलंस ना असं विचारावं तसं.

"मी कशी टाकीन? मी मोजते."

"मोजतेस म्हणजे? मोजणाऱ्याला मत नाही असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "आहे, असंही कुणी सांगितलं नाही."

काकूंनी टेबलावरचे सहा अंगठे उगाच एका ओळीत लावले. चोरी पकडल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि चोरी कुणाची ते कळत नव्हतं.

"आजच्यापुरतं ना?" जाऊबाईंनी विचारलं. "तुझाच विषय होता, म्हणून नाही टाकलास. हो ना?"

"कधीच नाही टाकला, ताई."

"कधीच नाही?" आत्या खुर्चीत मागे टेकल्या. "देवा रे. तेहतीस वर्षं मी हजेरी घेतली. चाळीस पोरांत एक कमी असलं तर दारातून कळायचं मला. आणि माझ्याच घरात..."

"मामंजींनी डबा दिला तेव्हा वाटलं, मोजणारा वेगळा असतो," काकू म्हणाल्या. बोलू नये असं वाटत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. "पुढच्या वेळी वाटलं, कुणीतरी म्हणेल, तूही टाक. नाही म्हणालं कुणी. आणि असल्या गोष्टी विचारायची एक वेळ असते हो. ती गेली की मग विचारायची लाज वाटते. नंतर सवय झाली. वाईट नाही वाटायचं. म्हणजे, रोज नाही वाटायचं."

"पण गावाच्या मताला तर तू सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभी राहतेस!" लेक म्हणाली. तिचा रस्त्यावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"गावाने पत्र पाठवलं होतं."

पाच निवडणुका, पाच पत्रं. पाकिटावर काकूंचं नाव, आत 'आपले मत नोंदवावे'. सगळी फर्म्यांच्या, म्हणजे कातडं कापायच्या नमुन्यांच्या, खणात, सात नंबरच्या जनानी फर्म्याखाली जपून ठेवलेली. मताच्या दिवशी काकू स्वतः कापलेले चांगले हातमोजे घालून निघायच्या, आणि घरचे त्यांना हसायचे. का जातात इतक्या नटून, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. घरातून आलं नाही ते पत्र गावातून आलं होतं. आता तेही बंद होणार, एवढंच दुःख त्या महिनाभर कुणाला न सांगता वागवत होत्या.

धाकट्यांनी सापडलेला चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. "खिडकी," ते म्हणाले.

"काय?"

"अकरा वर्षांपूर्वी. तुझ्या टेबलाला उत्तरेची खिडकी पाडायची म्हणून मत घेतलं होतं. तीन-तीन झाले, शब्द थोरल्याचा, आणि दादाने त्या पैशांत नवं यंत्र घेतलं. मला वाटलं, एक माझा, एक तुझा, एक पोरीचा. म्हटलं, बाकी सगळ्यांना नको असेल तर काय बोलायचं!" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढी वर्षं मी तुझ्या शेजारी झोपतोय आणि मला तुझा अंगठा कमी आहे हे माहीत नाही."

"मग तिसरा कुणाचा?" लेकीने विचारलं.

"माझा," आत्या म्हणाल्या. "अंधारात बसून डोळे फोडून घेतेय, दिसत होतं मला. सांगायचं नसतं म्हणून नाही सांगितलं."

अकरा वर्षं काकूंची समजूत होती की वन्संनीच खिडकी बुडवली. त्या रागापोटी कितीदा तरी आत्यांच्या चहात साखर कमी पडली होती. काकूंनी स्वतः टाकला असता तर चार झाले असते. चार-तीन. आपली खिडकी आपणच बुडवली, आणि तीही इतकी काटेकोर मोजून!

जाऊबाई उठून कपाटातून सासऱ्यांची वही घेऊन आल्या. पहिल्याच पानावर जाड अक्षरात होतं: घरातल्या प्रत्येकाला एक मत. बरोबरी झाल्यास थोरल्याचा शब्द. बस्स.

"घरातला म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही," आत्या म्हणाल्या.

"लिहायचं काय त्यात?" थोरले तडकले. त्यांना दुःख झालं की ते तडकायचे. "उघड आहे ते!"

"उघडच होतं, भावोजी," काकू म्हणाल्या. "तुम्हांलाही आणि मलाही. फक्त दोघांना वेगवेगळं."

थोरल्यांनी वही पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

वकील वहीकडे बघत होता. "मग मी हेच तर म्हणतोय, काकू. लिहिलेलं नसलं की असं होतं."

"तू लिहायला निघालायस ते तिला बाहेर काढायला!" लेक उसळली.

"अगं, थांब. त्याचं चुकत नाहीये," काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना स्वतःचं म्हणणं सापडत गेलं. "लिहायलाच हवं रे. न लिहिलेल्या घरात मी अडतीस वर्षं डबा धरून उभी राहिले, मला नको सांगूस. पण लिहिणाऱ्याने आधी टेबलाभोवतीची माणसं मोजावीत. आज तू मोजलीस, म्हणून मी सापडले. नाही मोजलीस आणि नुसती ओळ लिहिलीस, तर माझ्यासारखी कुठे राहिली हे तुलाही कळणार नाही. आणि राहिलेलं माणूस ओरडत नसतं, बाबा. ते अंगठे वाटत असतं."

वादात वकिलाला गप्प बसलेलं पहिल्यांदाच बघून जाऊबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. आईला दुसरं काय सुचणार!

"मत परत घ्या," आत्या म्हणाल्या. "सातांचं. आणि डबा तिच्याकडे नको."

वकिलाने डबा घेतला. सगळे अंगठे परत वाटले गेले, पोत्यात गेलेले शोधून काढावे लागले. काकूंचे दोन नव्हतेच. त्या उठून कपाटापाशी गेल्या, तुकडे निवडले, फर्मा लावला. चाळीसेक वर्षांत त्यांच्या कात्रीने कधी रेघ सोडली नव्हती. आज सोडली. काळा अंगठा एका बाजूला केसभर जास्त कापला गेला. एरवी त्यांनी तो टाकून दुसरा घेतला असता, आज तसाच मुठीत धरला.

डबा फिरत फिरत त्यांच्यापुढे आला. आत हात घालून सोडताना कसं वाटतं, हे त्यांना आज कळलं. आवाजसुद्धा होत नव्हता.

वकिलाने डबा पालथा केला आणि एकेक अंगठा बाजूला सरकवला. "काळे सहा. तपकिरी एक." मग जरा हसून म्हणाला, "तो माझा."

"गुप्त असतं, गाढवा!" आत्या ओरडल्या.

"असू दे. दुकानाचं नाव जाणार नाही. माझं एकट्याचं जाईल की नाही, ते बघतो." तो काकूंकडे वळला. "देशाचं मत देशाच्या नागरिकाचं, असं मला अजून वाटतं, काकू. खोटं नाही सांगणार. पण गावाचं... गावाचंही त्याच ओळीत का कोंबलंय, हे मी यादी काढणाऱ्या समितीत विचारतो. उद्याच."

"विचार. आणि सूप संपव आधी."

तीन आठवड्यांनी काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सहावं पत्र येईल, नाहीतर नाही येणार. पण काकूंच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि खूप दिवसांनी त्यांना सपाटून भूक लागली. त्यांनी पावाचा मोठा तुकडा तोडला. आत्यांच्या चहात त्यांनी स्वतः दोन चमचे साखर घातली, आणि आत्यांनी एक घोट घेऊन भुवया उंचावल्या.

थोरले मात्र अजून अस्वस्थ होते. चहा संपल्यावर ते उठले, काकूंच्या टेबलाजवळच्या उत्तरेच्या भिंतीवर बोटांनी टकटक करून आले. "गवंड्याला उद्या बोलावतो," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "खिडकी करून टाकू. त्याला काही मत नको."

"नको कसं?" काकू म्हणाल्या.

"अगं, तुझीच खिडकी. आता सगळ्यांचं हो आहे."

"असेल. तरी मत घ्या, भावोजी. रीत ती रीत. हरायचं असलं तर रीतसर हरू द्या मला."

थोरल्यांनी हात जोडले. धाकटे मोठ्याने हसले, म्हणजे त्यांना सगळं ऐकू आलं होतं. लेकीने टेबलावरची ताटं उचलली आणि जागा मोकळी केली. काकूंनी कातरणीचं पोतं जवळ ओढलं, तपकिरी आणि काळे तुकडे वेगळे केले, आणि नेहमीसारखं मनात न मोजता, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने मोजत, नवे अंगठे कापायला बसल्या. बाराव्या अंगठ्यापाशी सवयीने कात्री थांबली. मग त्यांनी आणखी दोन कापले.